बाबांचा १९८३चा अ‍ॅम्प्लिफायर की माझा डबीएवढा नवा? आवाज खरंच कोणाचा चांगला?

गिरणाकाठ, जळगाव

नमस्कार मंडळी. धागा घरातल्या भांडणातून निघालाय. निकाल कोणाच्याही बाजूने लागला तरी मला ह्याच घरात जेवायचंय, एवढं लक्षात ठेवून लिहा.

बाबांकडे १९८३ साली भुसावळच्या एका मेकॅनिककडून बनवून घेतलेला स्टिरिओ अ‍ॅम्प आहे. सागवानी खोकं, वर सनमायका, पुढे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, मागे काळ्या हीटसिंकवर चार २एन३०५५ पॉवर ट्रान्झिस्टर. नऊ किलो भरतो. चालू केला की स्पीकरमधून आधी ‘धप्’ असा आवाज येतो. लहानपणी आम्ही बाहेर खेळत असायचो आणि त्या धपवरून कळायचं की बाबा ऑफिसातून आले, आता घरात गेलेलं बरं.

दिवाळीत मी क्लास डीचा (आत वेगाने चालू-बंद होत चालणारा) एक छोटा अ‍ॅम्प घेतला. तळहातावर मावतो, आत टीपीए ३११६ चिप, सोबत लॅपटॉपसारखा अ‍ॅडॅप्टर. बाबांच्याच जुन्या ८ ओमच्या स्पीकरांना जोडला आणि ढोलकीची एक लावणी लावली. मला तर खालचा घुमारा चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकू आला. बाबा म्हणतात, “पत्र्याच्या डब्यातून येतोय आवाज. ह्याच्यात गोडवा नाही.” आईने दोन्ही बंद करून आकाशवाणी जळगाव लावलं.

प्रश्न सरळ आहे. नवे अ‍ॅम्प खरंच चांगले वाजतात, की जुनेच चांगले होते?

शेवभाजी, नंदुरबार

जुनाच. ह्यात विचारायचं काय? त्या काळी वजनावर माल मिळायचा. आताच्या डबीत आहे काय, हवा. माझ्याकडे एसटीके आयसीवरचा (एकाच तयार चिपचा) १९९०च्या आसपासचा अ‍ॅम्प आहे, आजही लग्नघर हलवतो. गोडवा म्हणजे काय ते ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळतं, मोबाइलवर वाढलेल्यांना नाही कळणार.

कापूसकोंड्या, धुळे

काय सांगू भो, मन्हा घर ते दोन्ही सारखाच वाजतस. लाईटच नई.

सोल्डरगन, भुसावळ

गिरणाकाठ, रेल्वेत नोकरी करून संध्याकाळी रेडिओ-टेपची दुरुस्ती करण्यात माझी एकतीस वर्षं गेली. १९८३चा भुसावळचा अ‍ॅम्प म्हणताय म्हणून लिहितो. मी बनवलेला नसेल, पण त्याच जातीचे पुष्कळ बनवलेत.

चालू करताना ‘धप्’ येतो म्हणालात, तिथेच अर्धं निदान झालं. म्हणजे तुमच्या अ‍ॅम्पला एकच सप्लाय आहे आणि ट्रान्झिस्टर आणि स्पीकर यांच्या मधे एक मोठा कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारी नळी, आहे. त्या काळी चांगले पीएनपी (२एन३०५५च्या उलट जातीचे) पॉवर ट्रान्झिस्टर महाग, मिळायला अवघड. म्हणून वरही २एन३०५५ आणि खालीही २एन३०५५ अशी जोडणी करायचे. स्पीकरला डीसी जाऊ नये म्हणून मधे २२०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. तो पहिल्यांदा भरतो तेव्हा धप् येतो.

आता हा कंडेन्सर म्हणजे आत ओला कागद गुंडाळलेली नळी. ओल वाळली की संपला. उष्णतेचा हिशोब सगळ्या मेकॅनिकांना पाठ असतो: दर दहा अंश तापमान वाढलं की कंडेन्सरचं आयुष्य निम्मं. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५, आणि ट्रान्झिस्टरशेजारी बंद खोक्यात किती, ते तुम्हीच हात लावून बघा. असे चाळीस मे काढलेत त्याने. पुण्याच्या अ‍ॅम्पचं आणि भुसावळच्या अ‍ॅम्पचं वय सारखं नसतं, भाऊ.

तेव्हा तुम्ही ‘जुना विरुद्ध नवा’ अशी तुलना केलेलीच नाही. ‘आजारी विरुद्ध नवा’ अशी केलीय. आधी खोलून कंडेन्सर मोजा, मग भांडा.

एक सूचना. बरीच वर्षं बंद असेल तर थेट प्लगात घालू नका. सिरीज बोर्डावर, म्हणजे बल्बमधूनच पुढे वीज जाईल अशा जोडणीत, १०० वॉटचा पिवळा बल्ब लावून चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लखलखीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच काढा.

शेवभाजी, नंदुरबार

काका, मग माझा एसटीकेवाला का हलवतो लग्नघर?

सोल्डरगन, भुसावळ

तो पस्तीस वर्षांत किती वेळा दुरुस्त झालाय ते आठवा. त्यात आता ‘जुनं’ काय राहिलंय?

ओहमचा नियम, अमळनेर

फिजिक्स शिकवतो, म्हणून थोडं मास्तरी होईल. सहन करा.

सोल्डरगन काकांच्या कंडेन्सरचं गणित सोपं आहे. २२०० मायक्रोफॅरड आणि ८ ओमचा स्पीकर असेल तर सुमारे ९ हर्ट्झच्या खालीच आवाज गळायला लागतो, म्हणजे कानाला काहीच फरक नाही. तोच कंडेन्सर वाळून २२०वर आला की गळती ९० हर्ट्झपासून. ढोलकीचा, तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा तिथेच राहतो. म्हणून गिरणाकाठ यांना तो ‘पहिल्यांदा’ ऐकू आला असणार. नव्या अ‍ॅम्पने जास्तीचं काही दिलेलं नाही, जुन्याने हळूहळू काढून घेतलं होतं. रोज ऐकणाऱ्याला ते कळत नाही.

दुसरी गोष्ट. हा वाद जगात कधीचाच घातला गेलाय. ब्रिटनच्या क्वाड कंपनीने आपलेच तीन पिढ्यांचे अ‍ॅम्प समोरासमोर ठेवून अंध चाचणी करवून घेतली होती. १९५३चा व्हॉल्व्हवाला (काचेच्या नळ्यांचा) क्वाड टू, १९६७चा ट्रान्झिस्टरवाला ३०३ आणि १९७५चा ४०५. जेम्स मॉयर यांनी ती घेतली आणि १९७८ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात लिहिलं. ऐकणाऱ्यांना तिघांतला फरक अंदाजापलीकडे ओळखता आला नाही. आणि गंमत म्हणजे ३०३मध्येही बाबांच्या अ‍ॅम्पसारखाच आउटपुटला कंडेन्सर होता.

कागदावर आजचे अ‍ॅम्प पुढेच आहेत. त्या काळी अर्धा टक्का डिस्टॉर्शन (मूळ आवाजात झालेली बिघाडाची भेसळ) चांगलं मानायचे, आज बऱ्या अ‍ॅम्पमध्ये ते टक्क्याच्या शंभराव्या-हजाराव्या भागात असतं. पण गाण्यात एक दशांश टक्क्याच्या खालचं डिस्टॉर्शन बहुतेकांच्या कानाला लागतच नाही. मग पुढची शून्यं कोणासाठी?

रावेरकर, रावेर

मास्तर, तुमचं गणित २३० व्होल्टवर चालतं. आमच्या मळ्यात या. संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की मीटर १८० दाखवतो आणि रात्री सगळ्या बंद झाल्या की २५५. माझ्याकडे आधी ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅम्प होता, आता अ‍ॅडॅप्टरवाला आहे. संध्याकाळी जुना अ‍ॅम्प रडायचा. नवा एकसारखा वाजतो. मला ‘चांगला’ म्हणजे एवढंच कळतं.

ओहमचा नियम, अमळनेर

रावेरकर, अगदी बरोबर बोललात, हे माझ्याकडून सुटलं होतं. साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये लाइन पडली की आतला डीसीही त्याच प्रमाणात पडतो आणि ताकद व्होल्टच्या वर्गाने घटते. १८० व्होल्टवर २० वॉटचा अ‍ॅम्प जेमतेम १२चा उरतो. लवकर फाटतो, तेच तुमचं रडणं. अ‍ॅडॅप्टर १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही तेवढाच डीसी देतो. मात्र तुमच्या रात्रीच्या २५५ला तो आपल्या हद्दीबाहेर असतो. वीज कडाडली की आधी काय जळतं तेही तुम्हाला माहीत असेल.

रावेरकर, रावेर

दोन जळाले. अ‍ॅडॅप्टर हो. अ‍ॅम्प शाबूत.

कापूसकोंड्या, धुळे

मी मागे बाजारातून ‘५००० वॉट पीएमपीओ’ (जाहिरातीतली फुगवलेली ताकद) लिहिलेला होम थिएटर आणला होता. मागच्या फ्यूजवर दीड अँपिअर लिहिलेलं. २३० गुणिले दीड किती होतात हे मला त्या वेळी कोणी शिकवलं नव्हतं. मास्तर तेव्हा कुठे होते?

ओहमचा नियम, अमळनेर

वर्गात होतो. तुम्ही मागच्या बाकावर होता.

सातपुड्याची लेक, शहादा

मी गाणं शिकवते, विजेचं काही कळत नाही. पण ‘गोडवा’ हा शब्द सगळे फेकताहेत म्हणून विचारते: जुन्या अ‍ॅम्पवर लाउडनेसचं बटण आहे का, आणि ते दाबलेलं आहे का? आमच्या गुरुजींकडे असा होता. बटण दाबलं की तानपुरा भरून यायचा, बाहेर काढलं की सपाट. बारा वर्षं आम्ही त्याला ‘अ‍ॅम्पचा गुण’ म्हणत होतो. बटण कायम दाबलेलंच होतं.

गिरणाकाठ, जळगाव

ताई, आत्ता जाऊन बघितलं. दाबलेलं आहे. आणि बास-ट्रेबल दोन्ही दोनच्या ठोक्यावर. बाबा म्हणतात, “ते तसंच असतं.”

सोल्डरगन, भुसावळ

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. आणि हळू आवाजात ऐकत असतील तर बटण दाबलेलं बरोबरच आहे. हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, त्याचीच ती भरपाई. मोठ्याने लावल्यावर मात्र बाहेर काढायचं असतं. ते कोणी काढत नाही.

रविवारी भुसावळला येत असाल तर अ‍ॅम्प घेऊन या. पैसे नकोत, भरीत आणा. पण तेलात पोहणारं नको.

गिरणाकाठ, जळगाव

मंडळी, रविवारचा वृत्तांत. लांब आहे.

काका बाहत्तर वर्षांचे, गच्चीवरच्या खोलीत बाक. सिरीज बोर्डावर बल्ब पेटला, मंद झाला, काकांनी मान हलवली. मग मागची पट्टी खोलली. आत चाळीस वर्षांची धूळ, एका कोपऱ्यात कुंभारमाशीचं मातीचं घर. मोठे कंडेन्सर निळे, डोक्यावर किंचित फुगलेले. काकांनी आधी रेझिस्टर लावून त्यांच्यातली साठलेली वीज उतरवली, मग ते काढून मीटरवर धरले. २२०० लिहिलेला डावीकडचा निघाला ३१०चा, उजवीकडचा २२०चा. म्हणजे दोन्ही कानांना वेगवेगळं गाणं ऐकू येत होतं. सप्लायचा ४७००वाला अर्ध्यावर आलेला.

काकांनी सगळे कंडेन्सर बदलले, १०५ अंशांपर्यंत चालणारे टाकले. एका २एन३०५५च्या पायाला ड्राय सोल्डर (कच्चा जोड) होतं, ते पुन्हा पाजलं. व्हॉल्यूमचा कार्बन स्प्रेने धुतला, खरखर गेली. एक ट्रान्झिस्टर मी बाजारातून ‘सेफ्टी म्हणून’ नवा घेऊन गेलो होतो. काकांनी तो नुसता हातावर तोलला आणि परत दिला. म्हणाले, “डुप्लिकेट आहे. जुन्याच्या जागी हा टाकलास तर संध्याकाळपर्यंत स्पीकरसकट जाईल.” मग प्रीसेट (आतला छोटा जुळवणीचा स्क्रू) फिरवत बसले, मीटरवर ११ मिलिव्होल्ट येईपर्यंत. का, तर हा व्होल्टेज कमी पडला तर दोन ट्रान्झिस्टरांच्या हातबदलाच्या जागी आवाज कुरतडला जातो, हळू आवाजात जास्तच. जास्त झाला तर हीटसिंकवर भाकरी भाजता येते.

घरी येऊन लावला. धप् आणखी जोरात. बाबा काही बोलले नाहीत, फक्त खुर्ची पुढे ओढून बसले.

मला मान्य करायला जड गेलं, पण ढोलकीचा घुमारा आता दोन्हीकडे आहे.

शेवभाजी, नंदुरबार

बघा! मी काय म्हणत होतो!

ओहमचा नियम, अमळनेर

थांबा, उड्या मारू नका. आता कुठे खरी तुलना करता येईल. गिरणाकाठ, चाचणी करायची असेल तर अशी करा.

दोन्हींना एकाच मोबाइलमधून सिग्नल द्या. जुन्याचं लाउडनेस बंद, बास-ट्रेबल मधोमध. ४०० हर्ट्झचा सूर वाजवून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर एसीला लावा आणि दोघांचा व्होल्टेज सारखा करा. एकाचे २.०० तर दुसऱ्याचेही २.००, फार तर २.०२. ह्यात आळस करू नका. आवाज अर्ध्या डेसिबलने मोठा असला तर तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. सगळे वाद इथेच जन्माला येतात.

स्पीकर बदलायला इन्व्हर्टरला लावतात तसले दोन पोलचे चेंजओव्हर घ्या, एका स्पीकरला एक. दोन्ही वायरी तुटल्या पाहिजेत. तुमच्या नव्या अ‍ॅम्पची उणे बाजू अर्थ नसते, तिच्यातही सिग्नल असतो. जुन्याच्या उणे बाजूला चुकून जोडलीत तर चिप गेली म्हणून समजा.

१६ वेळा बदला, क्रम नाणं उडवून ठरवा, बदलणारा पडद्यामागे. १६पैकी १२ बरोबर आले तर ‘ओळखलं’ म्हणू, कारण नुसत्या नशिबाने १२ किंवा जास्त येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे.

कापूसकोंड्या, धुळे

एवढ्यात तर माणूस नवरी पसंत करून येतो.

गिरणाकाठ, जळगाव

केली चाचणी. पडद्यामागे बायको, नाणंही तिच्याकडेच. तिने स्वतःहून सांगितलं की तिला दोन्ही अ‍ॅम्प आवडत नाहीत, म्हणजे पंच निष्पक्ष.

मी: १६पैकी ९.

बाबा: १६पैकी ७. त्यांचं म्हणणं, मधे दूधवाला आला.

शहाद्याच्या ताई जळगावला कार्यक्रमाला आल्या होत्या, त्यांनाही बसवलं. ताई: १६पैकी १४! शेवभाजी, आत्ताच नाचू नका, त्यांचं त्यांनाच सांगू द्या.

सातपुड्याची लेक, शहादा

गाण्यात मला काहीच कळलं नाही. मी ओळखलं ते गाणं सुरू होण्याआधी. प्रत्येक वेळी बटण खटकल्यावर दोन-तीन सेकंद शांतता असायची. त्या शांततेत एका अ‍ॅम्पमध्ये बारीक घरघर होती, साधारण मंद्र सप्तकातल्या एका स्वराच्या जवळ. दुसऱ्यात काहीच नाही. मग मी गाणं ऐकतच नव्हते, घरघर शोधत होते. दुसऱ्या फेरीत त्यांना म्हटलं, गाणं चालू असतानाच बदला. तेव्हा माझे ८ आले. म्हणजे नाण्याएवढीच माझी अक्कल.

सोल्डरगन, भुसावळ

ताई, कान मानला तुमचा. ती १०० हर्ट्झची हम्. पन्नासची लाइन डीसी करणाऱ्या ब्रिजमधून गेली की शंभर होते. मी ती पार मारली नव्हती, अर्थची वायर चुकीच्या जागी गेलीय. हे माझ्याकडून राहिलं.

ओहमचा नियम, अमळनेर

छान निघालं हे. म्हणजे गाण्यात फरक नाही, शांततेत आहे. नव्याची बाजू तिथे खरीच मोठी. मात्र एक जोडून सांगतो. स्वस्त क्लास डीमध्ये शेवटी कॉइल-कंडेन्सरचं फिल्टर असतं, ते बहुधा फीडबॅकच्या (स्वतःची चूक स्वतः सुधारणाऱ्या जोडणीच्या) बाहेर राहतं. त्यामुळे स्पीकर ४ ओमचा की ८चा, त्यावर वरचे सूर थोडे दबतात किंवा उचलले जातात. बाबांना ‘पत्र्याचा डबा’ वाटला त्यात काही अंश ह्याचाही असू शकेल, मन आणि लाउडनेसचं बटण वजा जाता.

शेवभाजी, नंदुरबार

पण मग लहानपणी जे ऐकलं ते खोटं का? आमच्या गावातल्या घरी तोच एसटीके वाजायचा तेव्हा जो आवाज यायचा, तो आता नंदुरबारच्या फ्लॅटमध्ये येत नाही. तोच अ‍ॅम्प, तेच स्पीकर. हे तुमच्या मीटरवर दिसणार नाही.

सातपुड्याची लेक, शहादा

गावातलं घर धाब्याचं होतं का?

शेवभाजी, नंदुरबार

हो. का?

सातपुड्याची लेक, शहादा

दीड-दोन हात जाड मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, खाली सारवलेली जमीन, कोपऱ्यात गोधड्यांची चळत. तिथे गायला बसलं की आवाज भिंतीत मुरतो, परत येऊन अंगावर पडत नाही. फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स, काचेच्या खिडक्या. टाळी वाजवून बघा, किती वेळ झणझणते ते.

शेवभाजी, नंदुरबार

वाजवली. शेजारच्यांनी दार उघडलं.

गिरणाकाठ, जळगाव

ताईंचं वाचून काल एक उद्योग केला. यावलजवळच्या गावी आमच्या आबांचं धाब्याचं घर अजून उभं आहे. जुना अ‍ॅम्प तिकडे न्यावा असं मनात होतं, पण तिथे संध्याकाळी १७५ व्होल्ट असतो, रावेरकरांचं आठवलं. म्हणून नवी डबीच नेली, स्पीकर मात्र तेच. ओसरीच्या आतल्या खोलीत लावली, वर आबांचा जुना टॉवेल टाकला, डास फार म्हणून.

आबांना डोळ्याने कमी दिसतं. खाटेवर पडून दोन गाणी ऐकली आणि म्हणाले, “भाऊ, हाऊ तोच शे ना, तुन्हा बापना जुना?”

मी हो म्हणालो. डबी तिकडेच ठेवून आलो, अ‍ॅडॅप्टरसाठी एक स्टॅबिलायझर बघतोय. जळगावच्या हॉलमध्ये बाबांचा नऊ किलोचा आहे आणि समोरच्या भिंतीवर आईच्या दोन गोधड्या टांगल्यात. आईला ते अजिबात पटलेलं नाही.

कापूसकोंड्या, धुळे

गोधड्या कितीच्या बसल्या? मन्हाकडे बी टाइल्स शेतस.

सोल्डरगन, भुसावळ

गिरणाकाठ, अर्थची वायर सरळ करून द्यायची आहे आणि प्रीसेटवर नेलपॉलिशचा ठिपका लावायचा राहिला, नाहीतर हलत्या ट्रान्सफॉर्मरने तो फिरेल. येत्या रविवारी या. सुनेची नेलपॉलिश संपलीय, येताना घेऊन या. रंग कोणताही चालेल.